पूल दुधाळ झालाय? आधी तीन बाटल्या भरा

तुमची हकीकत थोडक्यात अशी. पवना धरणाच्या बाजूला शेतघर आहे, कृषी पर्यटनाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी अंगणात १५ फुटी, ४ फूट उंचीचा फ्रेमचा पूल उभा केलात आणि बोअरच्या पाण्याने भरलात. चौथ्या दिवशी हिरवट झाक दिसली म्हणून ग्रामपंचायतीच्या पाणीवाल्याकडून किलोभर टीसीएल (ब्लिचिंग पावडर) आणून थेट पाण्यावर भुरभुरवलीत. सकाळी पाणी दूध. मग कुणीतरी सुचवलं म्हणून दोन किलो तुरटी, तीही पंप चालू ठेवूनच. दूध तसंच. आज पाचवा दिवस. पाणी तपासायच्या पट्टीवर पीएचचा (पाणी किती आम्ल, किती अल्कली याच्या मापाचा) रंग शेवटच्या चौकटीच्याही पुढे, क्लोरीनचा चौकोन कोरा. दुकानदार म्हणतो ओतून द्या आणि नव्याने भरा. शनिवारी दोन कुटुंबं येतायत, आज मंगळवार. ओतून द्यावं का?

नको. निदान आज तरी नको. त्याच बोअरचं पाणी, तीच टीसीएल आणि तोच पंप असेल तर पुढच्या आठवड्यात पुन्हा हेच दूध दिसेल, आणि मधल्या मध्ये साडेसतरा हजार लिटर पाणी एप्रिलच्या तोंडावर मातीत गेलेलं असेल.

मी गेली अठरा वर्षं मुळशी, मावळ, कर्जत या पट्ट्यात बंगल्यांचे आणि रिसॉर्टचे पूल सांभाळतो. (गावात ‘पूल’ म्हटलं की लोक अजून ओढ्याकडे बघतात, त्यामुळे आमच्या पोरांना पत्ता विचारताना ‘टाकी, पोहायची टाकी’ म्हणावं लागतं.) जमिनीवर उभे करायचे हे पूल गेल्या काही वर्षांत फार वाढले आणि त्यांच्या मालकांचे फोनही. त्यातल्या बहुतेकांची गोष्ट तुमच्यासारखीच असते: पाणी जरा बिघडलं, एक वस्तू टाकली, त्याने बिघाड वाढला, मग त्यावर दुसरी वस्तू. पाचव्या दिवशी मूळ दुखणं कुठलं आणि औषधाने झालेलं कुठलं हेच कळेनासं होतं. म्हणून माझ्याकडे नव्याने आलेल्या पोराला मी पहिल्या दिवशी एकच सांगतो. पाण्यात तरंगतंय काय, हे कळेपर्यंत बादलीला हात लावायचा नाही.

कारण गढूळ पाणी हा एक आजार नाही. शेवाळाने पाणी धूसर होतं, मेलेल्या शेवाळाने करडं होतं, चुन्याने दुधाळ होतं, पाहुण्यांच्या अंगाच्या तेलाने मिणमिणतं, बोअरमध्ये लोह असेल तर क्लोरीन पडल्यावर चहाच्या रंगाचं होतं, पावसाळ्यात लाल मातीने होतं ते आणखी वेगळंच. प्रत्येकाचा उपाय निराळा, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला अनेकदा मारक.

तर आज संध्याकाळी पाण्याच्या तीन रिकाम्या, स्वच्छ, पारदर्शक लिटरच्या बाटल्या घ्या. कोपर बुडेल इतक्या खोल हात घालून त्या पूलमधून भरा, वरवरचं पाणी नको.

पहिली बाटली तशीच ठेवा. उजेडाकडे धरून मिनिटभर बघा. धुरकटपणा खालून वर सरकत मिनिटभरात गेला तर ते फक्त हवेचे बुडबुडे, म्हणजे पंपाच्या नळीला कुठेतरी हवा ओढली जातेय. तसं नसेल तर ती रात्रभर हलवू न देता ठेवा. सकाळी तळाशी पिठासारखा पांढरा थर बसला असेल तर चुना. कापसाच्या बोंडासारखे भुसभुशीत, जरा धक्का लागला तरी उठणारे पुंजके दिसले तर तुरटीचा लगदा. काहीच बसलं नसेल तर कण इतके बारीक आहेत की नुसत्या थांबण्याने काम होणार नाही.

दुसऱ्या बाटलीत दोन चमचे पांढरं व्हिनेगर टाका, झाकण न लावता दोनदा गोल फिरवा. पाच-दहा मिनिटांत पाणी लख्ख झालं तर तुमचं दूध चुन्याचं आहे हे जवळजवळ नक्की. जवळजवळ अशासाठी, की तुरटीचा लगदाही आंबटात हळूहळू विरघळतो, आणि तुम्ही दोन्ही टाकलंय. म्हणून ही बाटली पहिलीच्या जोडीनेच वाचायची. शेवाळ किंवा माती असेल तर व्हिनेगरने त्याला काही होत नाही.

तिसऱ्या बाटलीत द्रवरूप क्लोरीनचे, म्हणजे हायपोचे (सोडियम हायपोक्लोराइटचे), पाच-सहा थेंब टाकून ती कपाटात अंधारात ठेवा. (दुसऱ्या बाटलीचं पाणी हिच्यात किंवा हिचं दुसरीत अजिबात मिसळू देऊ नका, त्याचं कारण खाली येतंच.) सकाळी पहिलीत हिरवट छटा असेल आणि तिसरीत ती गेलेली असेल, तर दुधाच्या आड शेवाळही जिवंत आहे.

माझा अंदाज सांगू? दुसरी बाटली निवळेल आणि तिसरीचा रंग थोडा फिका पडेल. म्हणजे चुना भरपूर, शेवाळ थोडं. पण अंदाजावर जाऊ नका, बाटल्या भराच.

आता हे झालं कसं ते सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं.

शाळेतला प्रयोग आठवतो का? चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर मारायची आणि निवळी दुधाळ होते. तुमच्या अंगणात तोच प्रयोग साडेसतरा हजार लिटरवर झालाय. टीसीएल म्हणजे ब्लिचिंग पावडर. ताजी, चांगल्या प्रतीची असली तरी तिच्यात उपयोगाचा क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास. बाकी मुख्यतः चुना आणि कॅल्शियमचे क्षार. पोतं दमट खोलीत उघडं पडलेलं असेल तर क्लोरीन उडून जातो, चुना मात्र कुठे जात नाही. ग्रामपंचायतीची माणसं विहिरीत टीसीएल टाकताना ती आधी बादलीत कालवतात, चुना खाली बसू देतात आणि फक्त वरचं निवळ पाणी ओततात. तुम्ही पावडरच टाकलीत, म्हणजे चुन्यासकट.

आता दुसरी बाजू. मावळातला खडक काळा, बसाल्टचा. त्यातून येणारं बोअरचं पाणी दिसायला काचेसारखं पण बहुधा जड असतं, त्यात कॅल्शियमचे क्षार विरघळलेले असतात. तुमच्या आंघोळीच्या बंबाला किंवा पाणी तापवायच्या पातेल्याला आतून जो पांढरा थर बसतो ना, तोच. हे क्षार पाण्यात गप्प असतात, जोवर पाणी गार आहे आणि पीएच बेताचा आहे तोवर. चुना पडला, पीएच चढला, की ते बाहेर येतात. म्हणजे टीसीएलने स्वतःचा चुना तर आणलाच, वर पाण्यातला लपलेलाही बाहेर काढला. किलोभर पावडरीने एवढं दूध कसं झालं, असं तुम्ही विचारलंय. त्यातलं बरंचसं दूध तुमच्या बोअरचंच आहे.

पण त्याच प्रयोगाचा दुसरा भाग बहुतेक जण विसरतात. मास्तर म्हणायचे, फुंकत राहा. आणि फुंकत राहिलं की दुधाळ झालेली निवळी परत स्वच्छ व्हायची. पाणी किंचित आम्लाकडे झुकलं की चुना पुन्हा विरघळतो. तुमचा उपाय तिथे आहे.

तुरटीने काम का केलं नाही? तुरटी वाईट नाही. घरातल्या हंड्यात आजी तुरटीचा खडा दोनदा फिरवायची आणि सकाळी गाळ तळाशी असायचा, ते खरंच आहे. पण तुरटीचे पुंजके धरतात ते साधारण साडेसहा ते साडेसात पीएचला. तुमच्या पट्टीवर तो साडेआठच्या पुढे दिसतोय. तिथे तुरटी धड पुंजका होत नाही, बरीचशी पाण्यात विरघळूनच राहते. शिवाय पंप चालू होता, म्हणजे जे काही पुंजके झाले ते घुसळून फुटले आणि उरलेले कार्ट्रिजमध्ये, म्हणजे फिल्टरच्या आतल्या घड्यांच्या गाळणीत, जाऊन बसले. आणि दोन किलो फार झाली. तुमच्या पूलला अर्धा किलो रग्गड झाली असती.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. धंद्याच्या दुसऱ्या वर्षी ताम्हिणीच्या वाटेवरच्या एका बंगल्यात मी स्वतः पंप चालू ठेवून तुरटी ओतली होती. सकाळी कार्ट्रिज बाहेर काढली तर घड्यांमध्ये राखाडी रंगाची खीर भरलेली. बोट लावलं की थरथरायची. पाण्याच्या फवाऱ्याने ती जाईना, आणि तिच्यातून पाणी येत नसल्याने पंप रात्रभर कोरडा कण्हत होता. कार्ट्रिज आणि पंप दोन्ही माझ्या खिशातून.

आता काय करायचं. क्रम महत्त्वाचा आहे, दिवस एखादा मागेपुढे झाला तरी चालेल.

सगळ्यात आधी, आज रात्रीपासून त्या पूलमध्ये कुणालाही उतरू देऊ नका, घरच्या पोरांनाही. क्लोरीन शून्य आहे हे एक. पण त्याहून मोठं कारण म्हणजे तळ दिसत नाही. चार फूट दुधाळ पाण्यात बुडालेलं पाच वर्षांचं पोर काठावरच्या माणसाला दिसत नाही. शिडी काढून घरात ठेवा.

मग पूलमधलं पाणी मोजा, कारण पुढची सगळी मापं त्यावर आहेत. गोल पूलसाठी सोपं सूत्र: व्यास फुटांत, गुणिले व्यास, गुणिले पाण्याची खोली फुटांत, गुणिले २२. तुमचा १५ फूट आणि पाणी साडेतीन फूट धरलं तर १७,३०० च्या आसपास येतं. मी साडेसतरा हजार धरतोय.

बुधवारी सकाळी पीएच खाली आणायचा. त्यासाठी हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड लागेल. संडास धुवायला मिळतं ते पिवळं, पातळ अ‍ॅसिड नको, त्यात लोह असतं आणि ताकदीचा भरवसा नसतो. केमिकलच्या दुकानातून ३० ते ३३ टक्क्यांचं, पाण्यासारखं रंगहीन घ्या. दोन लिटर आणून ठेवा, पण सगळं लागेलच असं नाही. फिल्टरमधून कार्ट्रिज काढून घ्या, जाळी राहू द्या. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी दहा लिटर पूलचं पाणी, मग त्यात पाव लिटर अ‍ॅसिड. अ‍ॅसिडमध्ये पाणी कधीच ओतायचं नाही, उडतं. हातमोजे, चष्मा, आणि वाऱ्याला पाठ. पंप चालू करून जिथून पाणी आत येतं त्या तोंडासमोर, बादली पाण्याच्या अगदी जवळ धरून, हळूहळू ओता. फ्रेमच्या पाइपांवर सांडू देऊ नका, पत्र्यावरचा लेप उखडतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. अर्धा तास पंप फिरवा, बंद करा, तीन-चार तासांनी पीएच बघा. मग पुढचा पाव लिटर.

किती लागेल? ते तुमच्या बोअरवर आहे. जितकं पाणी जड, तितकं अ‍ॅसिड जास्त पितं. अशा पूलना मला एकूण एक ते दोन लिटर लागलंय. घाई करून एकदम लिटरभर ओतू नका. सुरुवातीच्या दोन मापांना पीएच हलल्यासारखाच वाटणार नाही, कारण अ‍ॅसिड चुना विरघळवण्यात खर्च होत असतं. आणि मग एका मापाला तो धाडकन खाली येतो. ७.२ ला थांबायचं.

इथे एक गंमत होते, ती बघण्यासारखी असते. पीएच साडेसातच्या खाली आला की चुन्याचं दूध विरळ होतं, आणि त्याच वेळी आधी टाकलेली, पाण्यात नुसतीच लपून बसलेली तुरटी कामाला लागते. पाण्यात बारीक बारीक पुंजके दिसायला लागतात, धुक्यात कापूस उडाल्यासारखे. म्हणून सांगतो, आणखी तुरटी आणू नका. दोन किलो आत आहेच, तिला फक्त तिच्या सोयीचं पाणी हवं होतं. कार्ट्रिज काढायला सांगितली तीही ह्याचसाठी, नाहीतर खीर होईल.

बुधवारी रात्री पंप बंद. पूर्ण बंद, दहा-बारा तास. कुत्रं पाण्यात जाणार नाही, कुणी काठी घालून बघणार नाही, एवढी काळजी घ्या.

गुरुवारी सकाळी, ऊन चढून पाणी हलायला लागण्याआधी, तळाशी पांढरट-करडी गोधडी पसरलेली दिसेल. ती काढायची. आणि इथे जमिनीवरच्या पूलचा एक मोठा फायदा आहे, जो जमिनीतल्या पूलवाल्यांना नसतो: तुमचं पाणी जमिनीच्या वर आहे. इंचभर जाडीची बागेची नळी घ्या, एका टोकाला झाडायचा ब्रश जोडा, नळी पाण्याने पूर्ण भरून घ्या, दुसरं टोक अंगठ्याने दाबून बाहेर जमिनीवर टाका आणि अंगठा सोडा. पाणी आपोआप वाहायला लागेल, पंप नको, वीज नको. तोंडाने ओढून नळी चालू करू नका, गावाकडे डिझेल काढतात तशी. ब्रश तळावरून इतका सावकाश ओढायचा की तुम्हालाच कंटाळा यावा. घाई केली की गोधडी धुरासारखी उठते आणि पुन्हा बारा तास थांबावं लागतं. माझ्याकडचा एक पोरगा हे काम करताना मोबाइलवर भजन लावतो, एका ओळीला एक फूट. त्याचा पूल नेहमी पहिल्या फेरीत निघतो.

यात हजार-दीड हजार लिटर पाणी जाईल. ते वाया नाही. त्यात क्लोरीन शिल्लक नाही, आंब्या-नारळाच्या आळ्यात चालेल, रोपांना आणि भाजीला मात्र नको. कमी झालेलं पाणी बोअरने भरताना नळीच्या तोंडाला जुनं सुती धोतर दुपदरी बांधा.

मग क्लोरीन. टीसीएल आता पुन्हा नको, त्यापेक्षा हायपो आणा, १० टक्क्यांचा. साडेसतरा हजार लिटरला पावणेदोन लिटर हायपो टाकला की क्लोरीन साधारण १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग) वाढतो. शेवाळ असेल तर एवढा लागतो. बाटलीत हिरवं दिसलं नसेल तर निम्मा पुरे. हायपो उन्हाने आणि वेळेने मरतो, म्हणून कॅन ताजा घ्या आणि सावलीत ठेवा. टाकायचा तो सूर्य मावळल्यावर. तुमच्या पाण्यात क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं सायन्युरिक अ‍ॅसिड मुळीच नाही, त्यामुळे भर उन्हात टाकलेला बहुतेक क्लोरीन दोनेक तासांत उडून जातो. तुमची पट्टी कोरी येण्याचं कारणही हेच.

पीएच आधी, क्लोरीन नंतर, असा हट्ट का? क्लोरीनची मारण्याची ताकद पीएचवर असते. ७.५ ला टाकलेल्यापैकी निम्मा खरा काम करतो, ८ ला जेमतेम पाव, साडेआठला दहावा हिस्साही नाही. तुमच्या आत्ताच्या पाण्यात तुम्ही कॅनभर हायपो ओतलात तरी शेवाळ हसत बसेल.

आणि आता ते कारण, जे खाली सांगतो म्हटलं होतं. अ‍ॅसिड आणि क्लोरीन यांची कुठेही, कधीही, थेंबभरसुद्धा गाठ पडू द्यायची नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो आणि तो छातीत जातो. वेगळ्या बादल्या, वेगळे मग, मधे निदान काही तास. तसंच पुढेमागे तुम्ही त्या क्लोरीनच्या पांढऱ्या गोळ्या आणाल, टीसीसीए म्हणतात त्या. त्या आणि टीसीएल एका भांड्यात किंवा एका मगाने कधीच नाही. एका फार्महाऊसवर माळ्याने गोळ्यांच्या डब्यातला ओला मग टीसीएलच्या बादलीत घातला. आधी सापासारखा फुसफुस आवाज, मग पिवळट धूर, मग बादलीच वितळली. तो मागे पळाला म्हणून वाचला. तेव्हापासून आमच्या गाडीत मगांना रंग आहेत. लाल अ‍ॅसिडचा, निळा हायपोचा, पांढरा गोळ्यांचा.

आता फिल्टर. हा भाग कंटाळवाणा आहे आणि निम्मं दुखणं इथेच असतं. तुमचा पंप तासाला दोन हजार लिटरचा, असं लिहिलंय. कार्ट्रिज स्वच्छ असताना तो आकडा खरा. तीन तास चालवला म्हणजे सहा हजार लिटर, पूलचा तिसरा हिस्सा. बाकीचं पाणी दिवसभर नुसतं ऊन खातं. आणि ‘एक फेरी’ म्हणजे सगळं पाणी गाळलं गेलं असंही नाही, कारण गाळलेलं पाणी परत न गाळलेल्यातच मिसळतं. एवढं पाणी पंपातून एकदा गेलं तरी खरोखर गाळलेलं असतं सुमारे ६३ टक्के, दोन फेऱ्यांना ८६, तीन फेऱ्यांना ९५. तुमच्या पंपाला तीन फेऱ्या म्हणजे २६ तास. म्हणून गुरुवार संध्याकाळपासून शनिवार सकाळपर्यंत पंप बंद करू नका. एवढा पंप वीज फार खात नाही, जवळपास छताच्या पंख्याएवढी. तुमच्याकडे वीज जाते तेव्हा जाते, आली की परत चालू करा. जोडणी मात्र ईएलसीबीमधूनच (वीज गळली की ती तोडणारा स्विच) हवी, ओल्या अंगणात साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर नाही.

दोन कार्ट्रिज ठेवा आणि आलटून-पालटून वापरा. या तीन दिवसांत दर सहा-आठ तासांनी बदलायची. घडीच्या आत नळाचा फवारा तिरका मारत, वरून खाली, प्रत्येक घडी बोटाने उघडून धुवायची. ब्रशने घासू नका, कागदाला लव येते आणि मग ती काही गाळत नाही. हाताला बुळबुळीत लागली तर रात्रभर कपड्यांच्या साबणाच्या पाण्यात बुडवा. अ‍ॅसिडमध्ये बुडवायची ती तेल निघाल्यानंतरच, तेलासकट अ‍ॅसिडमध्ये घातली की मळ आत पक्का बसतो.

अजून एक बारीक गोष्ट. या पूलमध्ये पाणी ओढणारं आणि पाणी सोडणारं तोंड बहुधा एकाच बाजूला असतं. समोरच्या बाजूचं पाणी झोपलेलंच राहतं आणि शेवाळ तिथेच आधी धरतं. पाणी सोडणाऱ्या तोंडाची चकती भिंतीच्या अंगाने वळवा, म्हणजे सगळं पाणी सावकाश गोल फिरायला लागेल. एक पान टाकून बघा. दहा मिनिटांत त्याने फेरी मारली नाही तर कोन बदला.

अ‍ॅसिडमुळे पाण्याची अल्कलिनिटी (पीएच धरून ठेवायची ताकद) ८० पीपीएमच्या खाली गेली असेल तर पीएच रोज इकडे-तिकडे उड्या मारेल. तसं दिसलं तर खायचा सोडा, ३०० ग्रॅमला साधारण १० ने चढते. बोअरच्या पाण्याला ही वेळ सहसा येत नाही. तुमचा पीएच उलट हळूहळू वरच जाईल, आणि गेला की दूध परत. आठवड्यातून दोनदा पीएच बघून थोडं थोडं अ‍ॅसिड, हे आता पूल आहे तोवर.

शनिवारपर्यंत जमेल का, हा तुमचा खरा प्रश्न. बुधवारी अ‍ॅसिड झालं आणि गुरुवारी गाळ निघाला तर बहुतेक जमेल. पहिल्या बाटलीत सकाळपर्यंत काहीच बसलं नाही आणि दुसरी व्हिनेगरने निवळली नाही, तर माझा सगळा तर्क चुकला. मग शनिवार विसरा, आपण पुन्हा बोलू. उतरायला परवानगी देण्याआधी पूलच्या मध्यभागी एक रुपयाचं नाणं टाका. काठावर उभं राहून छापा की काटा हे सांगता आलं, पीएच ७.२ ते ७.८ मध्ये असला आणि क्लोरीन १ ते ३ पीपीएम असला, तरच शिडी लावायची. नाण्याचा नुसता ठिपका दिसत असेल तर पाहुण्यांना धरणाच्या काठावर फिरवून आणा, पिठलं-भाकरी खाऊ घाला, पण पाणी नाही.

पाहुण्यांना एक नियम मात्र पाटीवर लिहून लावा: डोक्याला तेल असेल तर आधी शॅम्पू, मग पूल. आपल्याकडे सुट्टीच्या दिवशी पोरांच्या डोक्यावर खोबरेल थापून पाठवायची पद्धत. दहा पोरांचं तेल तुमची कार्ट्रिज एका दुपारी बंद पाडतं. आणि कुणी ‘आज क्लोरीनचा फारच वास येतोय’ म्हणालं तर क्लोरीन कमी करू नका. तो वास घाम आणि लघवीत अडकून पडलेल्या क्लोरीनचा असतो, म्हणजे मोकळा क्लोरीन कमी पडतोय.

पुढच्या महिन्यासाठी: तरंगत्या डब्यात २०० ग्रॅमच्या टीसीसीए गोळ्या, एकावेळी एक, अशा एकूण पाच वापरा. गोळी थेट तळाशी टाकू नका, रंग उडतो. तुमच्या पाण्यात एक गोळी सायन्युरिक अ‍ॅसिड साधारण ६ पीपीएमने वाढवते, पाच गोळ्यांत ३० होईल आणि क्लोरीन दिवसभर टिकायला लागेल. मग गोळ्या थांबवून हायपोवर या. गोळ्या सोप्या वाटतात म्हणून वर्षभर त्याच वापरणाऱ्यांचं सायन्युरिक शंभरच्या पुढे जातं, आणि त्यांना मात्र मी स्वतःच सांगतो की निम्मं पाणी ओता.

तूर्त बाटल्या. उद्या सकाळी आठच्या आत तिन्ही शेजारी ठेवून, मागे काळा कागद किंवा काळी छत्री धरून फोटो काढा आणि इथे टाका. बाटल्या हलवू नका, पहिलीचा तळ मला जवळून दिसायला हवा.